टीव्हीसमोरची खिडकी

तिरुत्तंगल,
३ जून २००८

तीर्थरूप अप्पांस,
मारीश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले की समोरची बाई विचारते, आजकाल पत्र कोण लिहितं? मी सांगते, आमच्या अप्पांच्या कानाला फोन लावला काय नि वीट लावली काय, सारखंच. छत्तीस वर्षं पोरांवर ओरडून ओरडून मास्तर स्वतःचेच कान घालवून बसले. रागावू नका. तुमचीच लेक, जीभ तुमच्याकडूनच आली आहे.

बातमी अशी, की सरकारचा फुकटचा रंगीत टीव्ही आमच्या गल्लीपर्यंत येऊन पोचला. रेशनकार्डामागे एक. चौदा इंची, जेवणाच्या ताटापेक्षा जरासा मोठा. ह्यांनी तो शेजारी बघितला आणि तोंड वाकडं केलं. दिवसभर छापखान्यात देवांची नि नट्यांची हातभर कॅलेंडरं छापायची आणि घरी येऊन नखाएवढी माणसं बघायची, हे त्यांना काही पटेना. म्हणून रविवारी आम्ही शिवकाशीला दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच बाई रडत होती. एकवीस इंचीत रडत होती, पंचवीस इंचीत रडत होती, पण एकोणतीस इंचीच्या सपाट काचेत तिच्या नाकातली चमकीसुद्धा हुंदक्याबरोबर हलत होती. हे तिथून हलायलाच तयार नाहीत. आत्यालाही नेलं होतं. तिने दुकानदाराला विचारलं, मोठ्या टीव्हीवर मालिका लवकर संपते का? दुकानभर हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार म्हणतो, चौदा इंची दोन आणून द्या, वर थोडं भरा, एकोणतीस इंची घेऊन जा, सोबत दोन स्पीकर. सरकारी टीव्ही विकायचा नसतो हे त्यालाही ठाऊक आणि आम्हालाही, पण कुठे कोण पाळतंय? अडचण एकच. कार्ड एक, त्यावर हे, मी आणि आत्या. दुसरा टीव्ही आणायचा कुठून?

सरळ बोटाने तूप निघत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा डोकं चालवा, अप्पा. आत्या माझी सासू असली तरी तुमची सख्खी अक्का आहे, तुमचा शब्द तिला देवाचा. आणि सुख तिलाच व्हायचं आहे. तिची खाट हॉलमध्येच आहे, साडेसातची मालिका पडल्यापडल्या बघेल.

उत्तराची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
मारी


अंबासमुद्रम,
९ जून २००८

चि. सौ. मारीश्वरी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोनदा हसलो. एकदा अक्काच्या प्रश्नाला आणि एकदा तुम्हा दोघांच्या अकलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. अगं वेडे, एका घरात दोन चुली असल्या की दोन कुटुंबं होतात, हे कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. अक्काचं नाव तुमच्या कार्डावरून कापून घ्या आणि तिच्या नावाने वेगळं कार्ड मागा. दोन कार्डं, दोन टीव्ही. झालं की नाही?

आता नीट वाच, कारण तपासायला माणूस येईल आणि तो काही बिनडोक नसेल. मागच्या अंगणातलं शेळ्यांचं खोपटं रिकामंच आहे ना? ते झाडून घ्या, सारवा, आत एक चूल मांडा. तीन भांडी, एक मडकं, एक चटई. दोरीवर तिचं लुगडं वाळत असू दे. मुख्य गोष्ट काजळी. कार्डासाठी काल मांडलेली चूल हे लोक भिंत बघून ओळखतात. भिंत काळी पाहिजे, आणि काजळी काही रंगवून येत नाही. म्हणून अक्काने पंधरा दिवस तिथे खरंच रांधलं पाहिजे. झोपलीही तिथेच तर उत्तम, चटईला माणसाचा वास लागतो.

बघितलंस? तुझा बाप बहिरा झाला, मठ्ठ नाही झाला. तुम्ही एवढ्या मोठ्या टीव्हीसमोर बसाल तेव्हा पहिल्या दिवशी पहिला नमस्कार मला करा. मला ऐकू येत नाही, तेव्हा माणसाचे ओठ स्पष्ट दिसतील असा टीव्ही मलाही हवाच होता. दिवाळीला येतो, माझी खुर्ची धरून ठेव. आमच्या जावयाला, कालिराजनला म्हणावं, मामाचा सासरा झाला तरी मामाची अक्कल तीच आहे.

इकडे नदीला पाणी बरं आहे. गुडघे तसेच. तुम्ही सुखात असा, एवढंच मागणं.

अप्पा


तिरुत्तंगल,
२० जून २००८

चि. बंधू तंबी शंकरपांडियन यास,
अक्काचे अ. उ. आ.

माझं अक्षर वाकडं आहे, समजून घे. तू दुसरीत होतास तेव्हा वाळूत बोट धरून शिकवलंस तेवढंच येतं.

कालिराजन एक कागद घेऊन आला आहे. त्यावर सही कर म्हणतो. मारी म्हणते, सगळं अप्पांनीच सांगितलं आहे. म्हणून तुला विचारते. तंबी, कार्डावरचं नाव दोनच वेळा कापतात. मुलगी सासरी गेली की आणि माणूस मेलं की. मी यातली कुठली?

तू हसशील. पण मला भीती वाटते. हे घर तुझ्या भावोजींनी आणि मी बांधलं. त्यांच्या नावाच्या कार्डावर माझं नाव दुसरं होतं, मुलाच्या कार्डावर तिसरं झालं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एकटीचं कार्ड मी गल्लीत कोणाचं बघितलं नाही. आणि तो माणूस विचारेल तेव्हा म्हणायचं म्हणे, मुलगा बघत नाही, मला कोणी नाही. भरल्या घरात असं कसं बोलायचं? देव तथास्तु म्हणतो.

कागदावर वेगळी झाले तर खरी वेगळी नाही ना होणार? तू हो म्हणालास तर सही करते.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. तुझ्यावर जीव आहे, कळवत जा.

अक्का


अंबासमुद्रम,
२५ जून २००८

ती. अक्काचरणी,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, तुझी साठी कधीच उलटली तरी तू अजून त्या वाळूतच बसली आहेस. कागद तो कागद. मी कागदावर सहा वेळा आजारी पडलो आणि रजा घेतल्या, म्हणून काय मला ताप आला? पोरांच्या हौसेत कशाला मिठाचा खडा टाकतेस? सगळ्या तिरुत्तंगलात एवढा टीव्ही कोणाकडे नसेल आणि लोक म्हणतील, पोन्नुत्ताईच्या घरी आहे.

तो माणूस आला की डोळ्यांत थोडं पाणी आण आणि म्हण, मुलगा बघत नाही, मी वेगळी रांधते, मला कोणी नाही. एवढी तीन वाक्यं पाठ कर. मालिकेतल्या बाया रोज तासभर बोलतात, तुला तीन वाक्यं जड झाली काय? देव तथास्तु म्हणतो म्हणे! देवाला रेशनकार्डं तपासायला वेळ नाही.

आणि समज काही वेडंवाकडं झालंच, तर मी इथे बसलोय ना. तू काड्यापेटीच्या कारखान्यात बोटं सोलून माझी फी भरलीस हे मी विसरलेलो नाही. माझं घर ते तुझंच घर. पिशवी उचलायची आणि यायचं, विचारायचंसुद्धा नाही. आता तरी सही कर.

चरणांशी जागा आहे ती राहू दे.

तुझा
तंबी


तिरुत्तंगल,
२७ ऑगस्ट २००८

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! पेढे म्हणून हलवा वाटला, तुमच्या वाटचा मीच खाल्ला.

कचेरीचा माणूस आला होता. खोपट्यात वाकून शिरला, भिंतीवर बोट फिरवलं, बोट काळं झालं, मान हलवली. आत्या मात्र ऐन वेळी दगडासारखी गप्प. मी मागून चिमटा काढला तेव्हा कुठे तुमची तीन वाक्यं बाहेर पडली, तीही अडखळत. पण अडखळली तेच बरं झालं, त्याला वाटलं दुःखाने कंठ दाटला. नवं कार्ड आलं. त्यावर छापलंय, कुटुंबप्रमुख पोन्नुत्ताई, एकूण सदस्य एक. हे तेव्हापासून तिला कुटुंबप्रमुख, कुटुंबप्रमुख म्हणून हाक मारतात. आम्ही हसून हसून बेजार. तिच्या हातात टीव्हीचं खोकं दिलं तेव्हा फोटोही काढला. तिने खोक्याला विभूती लावली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोकी दुकानात, आणि एकोणतीस इंची आमच्याकडे.

पण अप्पा, सुखात दोन खडे आले. एक म्हणजे कोणीतरी अर्ज केलाय म्हणे, की लोक खोट्या चुली मांडतात. पुन्हा तपासणी होणार. कधी, ते ठाऊक नाही. म्हणजे ती होईपर्यंत आत्याला खोपट्यातच राहायला हवं. तुम्हीच म्हणालात, काजळी रंगवून येत नाही. हे म्हणतात, आता तिला आत आणून हात दाखवून अवलक्षण कशाला?

दुसरा खडा मोठा आहे. टीव्ही लावला की डोळे दुखतात. हॉल तसा ऐसपैस, पण आत्याची खाट मध्ये असल्यामुळे आम्ही टीव्हीच्या अगदी नाकाशी बसतो. शिवाय काचेत मागच्या अंगणाकडची खिडकी दिसते. खोपट्यातला दिवा तर दिसतोच, पण खिडकीशी कोणी उभं असलं तर त्याचं डोकंसुद्धा नटीच्या तोंडावर येऊन बसतं. साडेसातच्या मालिकेला तर रोज. मी पडदा लावला तर तो वाऱ्याने हलतो. तुम्ही विज्ञान शिकवायचात, तेव्हा मास्तर, उपाय सांगा. टीव्हीची जागा बदलता येत नाही, केबलची तार आणि कपाट तिथेच बसवलंय.

दिवाळीची खुर्ची राखून ठेवली आहे. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची
मारी


अंबासमुद्रम,
२ सप्टेंबर २००८

चि. सौ. मारीश्वरी हिस,
अ. उ. आ.

शाब्बास! बऱ्याच दिवसांनी कोणी तरी मला खरा प्रश्न विचारला. मागच्या पानावर आकृती काढली आहे, बाण बघ. प्रकाश काचेवर ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परत फिरतो. म्हणजे टीव्हीसमोर जे असेल ते टीव्हीत दिसणारच. हा निसर्गाचा नियम आहे, तिथे कोणाची भीड चालत नाही. पडदा हे बायकी काम झालं. पडदा हलतो, त्यातून उजेड झिरपतो. खिडकी सरळ विटांनी बुजवून टाका. आतून चुना, आणि चुन्यालाही चकाकी नको. खिडकी काय, वाऱ्यासाठी पुढचं दार आहेच.

आता अंतर. एकोणतीस इंचीला दहा फूट तरी हवेत, नाहीतर डोळे जातील आणि मग घरात कानाने गेलेला एक नि डोळ्याने गेलेले दोन, असं होईल. हॉलच्या मधोमध खाट म्हणजे शुद्ध मूर्खपणा. काढून टाका. खुर्च्या मागच्या भिंतीला लावा, पडद्याचा मध्य आणि बसलेल्या माणसाचे डोळे एका रेषेत. स्पीकर कोपऱ्यांत ठेवा.

अक्का कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. खोपट्यात मजेत असेल, तिला पहिल्यापासून वेगळं रांधायची हौस. तिला म्हणावं, थोडं थांब, राणीसरकार.

डोळे सांभाळा. तुमच्या सुखातच माझं सुख.

अप्पा


तिरुत्तंगल,
१४ ऑक्टोबर २००८

चि. तंबीस,
अ. उ. आ.

पत्र लिहू की नको, महिना झाला विचार करते आहे.

ती खिडकी माझी होती रे. टीव्ही आला त्या दिवशी मी मारीला विचारलं, मी मालिका कुठून बघू? ती म्हणाली, तुम्ही आत येऊन बसलात आणि तेवढ्यात तपासायला माणूस आला तर? मग मी खिडकीशी उभी राहायची. बाहेरून, गज धरून. अर्धा तास उभं राहिलं की पाय भरून यायचे, पण आपलं घर दिसायचं. खरं सांगू का, मालिका मी अर्धीच बघायचे. कालिराजन जेवतोय, त्याला वाढलंय की नाही, तुझ्या भावोजींच्या फोटोला हार ताजा आहे की नाही, ते बघायचे. काचेत माझं डोकं दिसतं हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खाली वाकून बघितलं असतं.

गवंडी आला तेव्हा मला वाटलं, दुरुस्ती आहे. मी त्याला ताक दिलं. त्याच्याबरोबर मजूर नव्हता, म्हणून विटा मीच उचलून हातात दिल्या. शेवटच्या दोन राहिल्या तेव्हा त्याने विचारलं, आजी, तुम्ही याच घरातल्या ना, मग खिडकी कशाला बुजवताय? मी कालिराजनला हाक मारली. त्याने मला तुझा कागद दाखवला. अक्षर ओळखलं. बाणसुद्धा ओळखला. वाळूत असाच काढायचास. ज्या बोटांनी तुझ्यासाठी काड्या भरल्या त्याच बोटांनी मी त्या शेवटच्या दोन विटा दिल्या, तंबी. मला फार लागलं. तुला लागावं म्हणून लिहीत नाही, लागलं म्हणून लिहिते.

आता पावसाचे दिवस आले. खोपटं दोन ठिकाणी गळतं आणि चूल पेटत नाही. शेळ्या असताना नव्या झावळ्या घातल्या होत्या, माझ्यासाठी कोणी घातल्या नाहीत. तू लिहिलं होतंस, पिशवी उचलायची आणि यायचं, विचारायचंसुद्धा नाही. तरी मी विचारते. पाऊस संपेपर्यंत दोन महिने येऊ का? तुझं रांधीन, तेल लावीन, तुला ऐकू येत नाही तर मी काही बोलणारही नाही.

लवकर कळव. तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

अक्का


अंबासमुद्रम,
१८ ऑक्टोबर २००८

मारीश्वरी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. त्या खिडकीशी कोण उभं असतं हे तू मला का सांगितलं नाहीस? कोणी तरी उभं असलं तर, असं लिहिलंस! ती तुझी आत्या आहे, सासू आहे आणि ज्या घरात तू पाय पसरून बसतेस ते तिचं आहे. लाज नाही वाटली? हे पत्र मिळताच तिला आत घे. जमत नसेल तर मी तिला इकडे घेऊन येतो. कालिराजनलाही हे वाचून दाखव.

शंकरपांडियन


तिरुत्तंगल,
२४ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आशीर्वाद गाळलात तरी मी नमस्कार गाळत नाही. आईने वळण लावलंय.

तुमची सगळी पत्रं मी टीव्हीच्या कपाटात नीट ठेवली आहेत. ती काल पुन्हा वाचली. नऊ जूनचं, चूल मांडा, अक्का झोपलीही तिथेच तर उत्तम. दोन सप्टेंबरचं, खिडकी विटांनी बुजवा, खाट काढून टाका, कोणाची भीड चालत नाही. आकृतीसकट. अप्पा, या घरात आत्याला माझ्या तोंडून कोणी एक शब्द वाकडा ऐकला असेल तर सांगा. तिला बाहेर काढलं ते तुमच्या अक्षराने. आपलेच दात आणि आपलेच ओठ खरं, पण चावलंत तुम्ही.

मी का सांगितलं नाही? कारण तुम्ही विचारलं नाही. विचारलंत ते कोन किती, अंतर किती.

तिला घेऊन जायचं म्हणता. जा घेऊन. उद्या तपासणी आली, खोपटं रिकामं दिसलं, म्हणजे कार्ड खोटं. टीव्ही कुठे गेला म्हणून विचारतील, मग ह्यांना छापखान्यातून उठवून कचेरीत उभं करतील. तिथे मी तुमची पत्रं दाखवू का? निवृत्त मास्तरांची, पेन्शनवाल्या मास्तरांची? तुम्ही सांगाल तसं करते, नेहमीसारखं.

आणखी एक. तुम्हाला मुलगा नाही. उद्या डोळे गेले, अंथरूण धरलं, की तुम्ही यायचं माझ्याचकडे. हॉलमध्ये काय जागा आहे ती तुम्हीच मोजून दिली आहे. तेव्हा खोपट्यात दोन खाटा मावतात का, तेही आजच हिशेब करून कळवा. तुम्हाला मोजायची आवड आहे.

दिवाळीला याच. खुर्ची आहे. फक्त त्या विषयावर बोलायचं नाही. तुम्हाला ऐकू येत नाहीच, आम्हीही ऐकणार नाही.

राग धरू नका, धरलात तर एकटेच धराल.

तुमचीच
मारी


अंबासमुद्रम,
३ नोव्हेंबर २००८

ती. अक्काचरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. दिवाळीला यायचं जमलं नाही. मारीला मी चांगलं खडसावून लिहिलं आहे.

तू ये म्हणायला मला एक क्षण लागणार नाही. पण अक्का, तू शहाणी आहेस. आता खोपटं सोडलंस तर कालिराजनवर बालंट येईल. तुझाच मुलगा, तुझ्याच जिवाला घोर. शिवाय इकडे माझं घर म्हणजे दीड खोली, न्हाणीची पायरी उंच, तुला सोसायची नाही. शेजारीपाजारी विचारतील, मुलगा असताना बहीण भावाकडे का? उगाच मारीच्या नावाला बट्टा. ती पोर तापट आहे, पण मनाने वाईट नाही. एकदा तपासणी होऊन जाऊ दे. मग पोंगलला मी स्वतः येतो आणि समोर बसून सगळं मार्गी लावतो. दोन महिने काय, बघता बघता जातील.

झावळ्यांवर टाकायला प्लास्टिकचा मोठा कागद पाठवतो आहे. उताराच्या बाजूने दगड ठेव, पाणी कसं वाहील त्याची आकृती आत आहे. सोबत माझा रेडिओ. मला ऐकू येत नाही, नुसता पडून आहे. तुला तेवढीच सोबत.

थोडा धीर धर. माझ्याविषयी मनात काही आणू नकोस.

तुझा
तंबी


तिरुत्तंगल,
२१ जानेवारी २००९

श्री. शंकरपांडियन यांस,
न. वि. वि.

तपासणी झाली. कळवायला हवं म्हणून लिहिते.

परवा सकाळी दोन तास आधी कालिराजनला खबर लागली. त्याने शेजारचा चौदा इंची टीव्ही मागून आणला आणि माझ्या चुलीजवळ पाटावर ठेवला. तार कुठेच जोडलेली नव्हती. मारीने त्यावर माझा टॉवेल पसरला, वापरातला वाटावा म्हणून. मग दोघं मागच्या दारात उभी राहिली. माझ्या एका शब्दावर त्यांचा जीव टांगलेला होता. सात महिन्यांत पहिल्यांदा दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती.

या वेळचा माणूस वयस्क होता. आत आल्यावर चटईवर बसला. भिंतीची काजळी नखाने खरवडून बघितली. नख आत गेलं तरी काळंच निघालं. म्हणाला, ही चूल खोटी नाही. मग विचारलं, मुलगा बघतो का? मी म्हटलं, नाही. वेगळं रांधता का? हो. विटांनी बुजवलेल्या खिडकीकडे त्याने बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणाला, अम्मा, तुम्हाला कोणीच नाही? माहेरचं? भाऊबिऊ?

मी म्हटलं, मला कोणी नाही.

तुम्ही पाठ करून दिलेलंच वाक्य. पहिल्या वेळी खोटं होतं म्हणून जीभ अडखळली होती. या वेळी अडखळली नाही. त्याने लिहून घेतलं.

तो गेल्यावर शेजारचा टीव्ही परत गेला. कालिराजन खूश होता, पानात बांधून खव्याचा पालकोवा घेऊन आला. मी खाल्ला. मारी दारातून म्हणाली, आता तपासणीची कटकट मिटली, हवं तर आत येत जा मालिकेला. साडेसातची ती मालिका म्हणे नोव्हेंबरातच संपली, आता दुसरी लागते. मी म्हटलं, माझा भात चुलीवर आहे.

पोंगलला तुम्ही येणार होतात. आला नाहीत ते बरंच केलंत. आता येऊही नका. माझ्या घरात एकच चटई आहे. दगड तेवढे तुमच्या आकृतीप्रमाणे ठेवले, पाणी आत येत नाही. ते खरंच चांगलं काढलं होतंत. रेडिओ याच टपालाने परत पाठवते. आहे चांगला, पण तुमच्या घरची वस्तू माझ्याकडे दिसली तर पुढच्या तपासणीला विचारतील, ही कोणाची म्हणून.

गुडघ्याला तेल लावत जा.

कळावे.

कुटुंबप्रमुख : पोन्नुत्ताई
एकूण सदस्य : एक